केमोची तारीख चुकवू नये

बेंबळीहून बार्शीला जायचं म्हणजे आधी धाराशिव, मग येडशी, पांगरी आणि बार्शी. एसटीनं निघालं तर गाडी बदलण्यात आणि वाट बघण्यातच बराच वेळ जातो. आमच्या आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या, छातीतली गाठ कॅन्सरची निघाली आणि हा रस्ता आमच्या घराला नित्याचा झाला. मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळं डॉक्टर जे सांगत ते घरी उलगडून सांगायचं काम माझ्याकडं आलं. पुढं भावकीतली, शेजारची, वस्तीवरची माणसंही विचारायला येऊ लागली. कुणाला तोंडाचा, कुणाला छातीचा, कुणाला गर्भपिशवीच्या तोंडाचा. या सगळ्यांशी बोलून माझं एक मत पक्कं झालंय. आपली माणसं कॅन्सरला भितात, पण केमोला त्याहून जास्त भितात. औषध अंगात जाऊन काय करतं ते कुणी नीट सांगितलं, तर ती भीती बरीच उतरते आणि उपचार अर्ध्यावर सुटत नाही. शेवटचा शब्द डॉक्टरांचाच. तो कळायला सोपा जावा म्हणून हे लिहिते आहे.

१. औषधाला कॅन्सर ओळखता येत नाही, त्याला दुभंगणारी पेशी सापडते

एका पेशीच्या दोन होण्याआधी तिच्यातल्या डीएनएची पूर्ण नक्कल तयार होते. मग त्या दोन प्रती बारीक धाग्यांनी दोन टोकांना ओढल्या जातात आणि मधोमध पेशी दुभंगते. निरोगी पेशीला कधी थांबायचं ते कळतं. कॅन्सरच्या पेशीचा हा लगाम तुटलेला असतो. केमोची नेहमीची औषधं या दुभंगण्याच्या कामातच खोडा घालतात, मात्र प्रत्येकाची खोडा घालायची जागा वेगळी.

आत्यांना आधी दोन औषधं एकत्र दिली आणि ती संपल्यावर तिसरं. छातीच्या कॅन्सरला ही तिन्ही औषधं सर्रास वापरतात. सायक्लोफॉस्फमाइड डीएनएचे दोन पदर एकमेकांना जखडून टाकतं. पदर सुटेच झाले नाहीत तर नक्कल कशी होणार? डॉक्सोरुबिसिन डीएनएच्या पायऱ्यांमध्ये शिरून बसतं. डीएनएचा पीळ सोडवायला तो कापून पुन्हा सांधणारं एक विकर पेशीत असतं, त्याला हे औषध कापल्यानंतर सांधू देत नाही आणि डीएनए तुटकाच राहतो. तिसरं पॅक्लिटॅक्सेल. ते प्रती ओढणाऱ्या धाग्यांना ताठ करून ठेवतं, त्यामुळं पेशी दुभंगता दुभंगता अडकते. नुकसान इतकं वाढलं की पेशी स्वतःच स्वतःला संपवते. तशी व्यवस्था निसर्गानंच पेशीत ठेवलेली आहे.

डॉक्सोरुबिसिन लालभडक असतं, म्हणून वॉर्डात सगळे त्याला 'लाल औषध' म्हणतात. सिस्टर हातमोजे आणि एप्रन घालून येतात आणि सलाईन चालू ठेवून ते सावकाश शिरेत सोडतात. त्यानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नसतं, औषधाचाच रंग असतो. एवढी एक गोष्ट आधी सांगून ठेवली तर घरात रडारड होत नाही.

प्रत्येकाला हीच औषधं असतील असं मात्र समजू नका. गाठीच्या तुकड्यावर ईआर, पीआर आणि हर-टू अशा तपासण्या होतात आणि त्यावर पुढचं ठरतं. शेजारणीला गोळ्यांवर भागलं आणि आपल्याला केमो लिहिली, म्हणून डॉक्टरांवर संशय घेण्यात अर्थ नाही. दोघींच्या पेशींची जातच वेगळी असते.

२. केस, तोंड आणि रक्त, तिन्हींचं दुखणं एकाच कारणाचं

कॅन्सर सोडला तरी शरीरात भराभर दुभंगणाऱ्या पेशी आहेत: केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तरात, आणि हाडांच्या मगजात, जिथं रक्त तयार होतं. औषध त्यांनाही गाठतं. केस गळणं, तोंड येणं, जुलाब, अशक्तपणा, पेशी कमी होणं हे सगळं इथूनच येतं. फरक इतकाच, की निरोगी पेशींना मोडलेलं दुरुस्त करण्याची आणि पुन्हा भरून येण्याची ताकद जास्त असते. सगळी केमो या फरकावर उभी आहे.

पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत केस जायला लागतात. आत्या रोज सकाळी ओट्यावर बसून फणीनं केस विंचरायच्या आणि गुंतवळ बोटाला गुंडाळून देवळीत ठेवायच्या. केसांवर भांडी देणारी बाई गावात आली की ते गोळे तिला द्यायचे, ही जन्माची सवय. त्या आठवड्यात देवळी भरून गेली. "समदंच चाललं की गं," एवढंच त्या म्हणाल्या आणि पदर कपाळापर्यंत ओढून घेतला. आमच्याकडं बाईचं डोकं असं मोकळं होणं साधी गोष्ट नाही. जुन्या माणसांच्या मनात त्याला वैधव्याची सावली आहे. म्हणून माझं सांगणं, हे होणार आहे ते पहिल्या केमोआधीच सांगा. केस आधीच बारीक करून घेतले तर उशीवर झुपके बघायची पाळी येत नाही. डोक्याला मऊ सुती कापड बांधा. आणि केस परत येतात हे घरातल्या सगळ्यांनी, विशेषतः मालकांनी, पुन्हापुन्हा म्हणा. आत्यांचे आले तेव्हा आधी लहान बाळासारखे मऊ आले.

उलटा गैरसमजही ऐकू येतो: "केस गळले न्हाईत, म्हंजे औशिद लागू पडलं न्हाई." तसं नसतं. काही औषधांत केस पूर्ण जातात, काहींत थोडे विरळ होतात. गाठ कमी झाली का, ते तपासणीत आणि स्कॅनमध्ये दिसतं.

तोंड आलं की कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या. मऊ ब्रश. काळ्या तिखटाची, येसूर घातलेली आमटी तेवढे दिवस बंद. वरणात कुस्करलेली भाकरी, दूधभात, मऊ खिचडी, अंडं चालत असेल तर अंडं. मिश्री आणि तंबाखू तर कायमची सोडायची.

३. ताप १००.४ झाला की घरात थांबायचं नाही

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. रक्तातल्या ज्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, त्यांतल्या मुख्य पेशी फार कमी जगतात, काही तास किंवा फार तर काही दिवस. मगज रोज अब्जावधी नव्या तयार करतो म्हणून आपलं चालतं. केमोनं मगजाचं काम थंडावलं की जुन्या मरतात आणि नव्या येत नाहीत. केमोनंतर साधारण सातव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत त्या सगळ्यात कमी असतात. नेमक्या याच दिवसांत माणूस घरी असतो, उलट्या थांबलेल्या असतात आणि सगळ्यांना वाटतं, आता बरं आहे.

पांढऱ्या पेशीच नसल्या की पू होत नाही, सूज येत नाही, खोकलाही फारसा नसतो. जंतू शिरल्याची खूण म्हणून कधीकधी फक्त ताप येतो. १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर ताप, किंवा अंगाला थंडी वाजून हुडहुडी, म्हणजे लगेच दवाखाना. शिरेतून अँटिबायोटिक जितकं लवकर चालू होईल तितका जीव वाचायचा संभव जास्त. इथं तासांचा हिशोब असतो. आमच्या ओळखीच्या एका घरात ताप रात्री आला, घरातल्यांनी तापाची गोळी दिली आणि सकाळी बघू म्हणाले. गोळीनं ताप उतरला, जंतू उतरले नाहीत. सकाळी गाडी मिळेपर्यंत बाईची शुद्ध हरपली होती. ती वाचली, पण कितीतरी दिवस अतिदक्षता विभागात काढून.

म्हणून डिजिटल थर्मामीटर घरात हवाच. दवाखान्याचा रात्रीचा नंबर मोबाइलमध्ये आणि भिंतीवर, दोन्हीकडं. रात्री-अपरात्री जीप घेऊन येईल अशा एका माणसाशी आधीच बोलून ठेवा. दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हे बोला: "पेशंटला केमो चालू आहे, अमुक तारखेला दिली होती." हे कळलं नाही तर साधा ताप समजून रांगेत बसवतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तापाची गोळी देऊ नका. पाणी उकळलेलं, हात साबणानं धुतलेले, आणि भेटायला येणाऱ्या सर्दी-खोकल्याच्या पाहुण्यांना दारातूनच रामराम. पाहुणे रुसले तर रुसू द्या.

४. एका केमोत काम का होत नाही

बोटाच्या पेराएवढ्या, सुमारे एक सेंटिमीटरच्या गाठीत १०० कोटींच्या आसपास पेशी असतात. समजा एका केमोनं शंभरातल्या नव्याण्णव मेल्या. तरी एक कोटी उरल्या. दुसऱ्यानंतर एक लाख. तिसऱ्यानंतर हजार. एव्हाना गाठ हाताला लागत नाही, स्कॅनमध्येही दिसत नसेल, पण आत हजार पेशी जिवंत आहेत आणि त्यातली प्रत्येक पुन्हा वाढू शकते. औषध दर वेळी ठरावीक संख्या मारत नाही, ठरावीक हिस्सा मारतं. हे अमेरिकेतल्या हॉवर्ड स्किपर यांनी १९६० च्या दशकात रक्ताचा कॅन्सर झालेल्या उंदरांवर दाखवलं. माणसात हिशोब इतका सरळ चालत नाही. दोन केमोंच्या मधल्या दिवसांत उरलेल्या पेशी वाढतात, काही औषधाला दाद देईनाशा होतात. म्हणून तर दोन-तीन वेगळ्या वाटांनी मारणारी औषधं एकत्र देतात.

मग रोज का देत नाहीत? मगजाला आणि तोंडा-आतड्याला सावरायला वेळ लागतो. बऱ्याच औषधांसाठी तो सुमारे तीन आठवड्यांचा, म्हणून २१ दिवस. कॅन्सरच्या पेशी पुरत्या सावरायच्या आत आणि शरीर सावरल्यावर, अशी ती नेमकी वेळ. शेतकऱ्याला हे सांगायला मी एकच दाखला देते. एका खुरपणीनं रान स्वच्छ होत नाही, आणि दुसरी खुरपणी महिनाभर लांबली तर पहिलीची मजुरी मातीत जाते. रक्ताचा रिपोर्ट कमी आला म्हणून डॉक्टरांनीच तारीख पुढं ढकलली तर ती गोष्ट वेगळी, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आपण होऊन ढकलायची नाही.

५. "गाठ काढली, आता केमो कशाला?"

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो, आमच्याही आला. काही पेशी ऑपरेशनच्या आधीच गाठीतून निघून रक्तात, हाडात, फुप्फुसात जाऊन बसलेल्या असू शकतात. कुठल्याही मशीनला दिसणार नाहीत इतक्या थोड्या. सुरी तिथं पोचत नाही, रक्तातून जाणारं औषध पोचतं. इटलीत मिलानच्या जानी बोनाडोना यांनी छातीची गाठ काढलेल्या, पण काखेतल्या गाठींपर्यंत आजार गेलेल्या बायकांना ऑपरेशननंतर तीन औषधांची केमो दिली. १९७६ मध्ये त्यांनी पहिला निकाल छापला. सुमारे सव्वादोन वर्षांत केमो न दिलेल्या बायकांपैकी २४ टक्क्यांत आजार उलटला होता, केमो दिलेल्यांपैकी सुमारे ५ टक्क्यांत. आज जगभर छातीच्या ऑपरेशननंतर केमो देतात त्याचा पाया तिथं घातला गेला.

६. ही औषधं परक्या मुलखातून आकाशातून पडलेली नाहीत

"विलायती विष आहे ते," असं एक आजोबा माझ्यासमोर म्हणाले होते. त्यांना मी नंदुरबारची गोष्ट सांगितली. मनसुख वाणी १९२५ मध्ये नंदुरबारला जन्मले, मुंबई विद्यापीठात शिकले आणि रसायनशास्त्रासाठी अमेरिकेला गेले. नॉर्थ कॅरोलिनातल्या संशोधन संस्थेत मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून एक द्रव्य वेगळं केलं आणि १९७१ मध्ये त्याची रचना जगापुढं मांडली. तेच पॅक्लिटॅक्सेल, आत्यांना नंतर दिलेलं तिसरं औषध. याच दोघांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन शोधलं होतं, त्याच्यापासून आतड्याच्या आणि इतर कॅन्सरवरची औषधं निघाली. हे द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडातही आहे. त्यापायी नरक्याची इतकी चोरटी तोड झाली, की वनखात्याला पहारा ठेवावा लागला. वाणी २०२० मध्ये गेले. महाराष्ट्रातल्या किती शाळांत त्यांचं नाव घेतलं जातं? मी माझ्या वर्गात घेते.

दुसरी गोष्ट मुंबईच्या गिरण्यांची. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरीब गरोदर बायकांच्या अंगातलं रक्त भयंकर कमी व्हायचं, त्याचं कारण त्या शोधत होत्या. यीस्टच्या अर्कानं या बायका सुधारतात, हे त्यांना दिसलं. त्या अर्कातलं गुणकारी द्रव्य म्हणजे आज प्रत्येक गरोदर बाईला देतात ते फॉलिक ॲसिड. डीएनएचे तुकडे तयार करायला ते लागतं. पुढं बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांना शंका आली, की रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांत हेच द्रव्य आजाराला खतपाणी घालतं. मग त्याच्या उलट, फॉलिक ॲसिडची जागा अडवणारं औषध का देऊ नये? आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव तेव्हा अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्या चमूनं ती औषधं बनवून दिली आणि १९४८ मध्ये फार्बर यांनी छापलं, की मुलांचा आजार काही काळ तरी मागं हटला. त्या घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. परळ-लालबागच्या बायकांच्या पंडुरोगापासून निघालेली वाट केमोच्या सुरुवातीपर्यंत जाते, हे मला फार मोठं वाटतं.

तिसरी आपल्या अंगणातली सदाफुली. १९५८ च्या सुमारास कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीर मधुमेहावरचा उपाय म्हणून तिची पानं तपासत होते. साखर कमी झाली नाही, उंदरांच्या पांढऱ्या पेशी मात्र कमी झाल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन आणि पुढं व्हिनक्रिस्टिन मिळालं. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये व्हिनक्रिस्टिन आजही पहिल्या फळीत आहे. पण हे ऐकून कुणी सदाफुलीची पानं चावायला लागू नका. शेकडो किलो वाळक्या पानांतून कुठं ग्रॅमभर शुद्ध औषध निघतं. पानं खाऊन गाठ विरघळत नाही, पोट, नसा आणि पेशी बिघडू शकतात. केमो चालू असताना कुणीही दिलेला काढा, भस्म, पुडी घेत असाल तर डॉक्टरांना दाखवा. ही औषधं लिव्हर आणि किडनीतून बाहेर पडतात आणि पुडीतलं काय तिथं आडवं येईल, ते पुडी देणाऱ्यालाही माहीत नसतं.

७. उलटीची गोळी उलटीच्या आधी

केस, तोंड आणि रक्ताच्या त्रासाचं कारण वर सांगितलं, उलटीचं कारण मात्र वेगळं. औषधानं आतड्याच्या अस्तरातून सेरोटोनिन सुटतं आणि मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला खूण जाते. ऑन्डान्सेट्रॉनसारखी औषधं ती खूणच अडवतात. म्हणून ती केमोच्या आधी आणि नंतर सांगितलेल्या वेळी घ्यायची, मळमळ सुरू व्हायची वाट बघायची नाही. "पोटात काही राहत नाही" म्हणून केमो सोडलेली माणसं मला भेटली आहेत, आणि त्यातल्या काहींच्या घरी गोळ्यांच्या पट्ट्या न फोडता पडलेल्या होत्या.

८. वजनकाटा, एको आणि शीर

केमोचा डोस उंची आणि वजनावरून शरीराचं क्षेत्रफळ काढून ठरवतात, म्हणून प्रत्येक वेळी वजन घेतात. ते टाळू नका. लाल औषधाचा हृदयावर ताण येतो, आणि तो आयुष्यभराच्या एकूण डोसाप्रमाणं साठत जातो. म्हणून आधी टूडी एको. सिस्प्लॅटिन असेल तर किडनीसाठी भरपूर सलाईन आणि घरी भरपूर पाणी, शिवाय बोटांना मुंग्या येणं किंवा कानात आवाज येणं हे लगेच सांगायचं.

शिरेबद्दल एक कळकळीचं. लाल औषध शिरेबाहेर झिरपलं तर मांस जाळतं. सुई टोचलेल्या जागी जळजळ, दुखणं, फुगणं जाणवलं तर त्याच क्षणी सिस्टरला हाक मारा. आपल्या बायका सोसायची सवय म्हणून गप्प बसतात. इथं गप्प बसणं महागात पडतं. केमोनंतर दोन दिवस पेशंटची लघवी आणि उलटी हातमोजे घालून साफ करावी, संडासात भरपूर पाणी टाकावं आणि गरोदर सुनेला त्या कामाला लावू नये.

९. आपल्या जिल्ह्यानं जगाला शिकवलेली गोष्ट

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला शेक देतात, म्हणजे रेडिएशन, आणि बऱ्याचदा त्याबरोबर आठवड्याला एक सिस्प्लॅटिन. या औषधाचा शोध १९६५ चा. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग जंतू वाढवलेल्या पाण्यातून वीज सोडत होते. जंतू लांबच लांब वाढले, पण दुभंगेनात. कारण वीज नव्हती, तारेतून सुटलेलं प्लॅटिनम होतं. १९७८ मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. शेक देताना ते बरोबर दिलं तर जास्त बायका वाचतात, हे १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेनं डॉक्टरांना खास कळवलं.

त्याच १९९९ मध्ये आपल्या जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये, मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांची नोंद केली. गावांचे ५२ गट केले. काहींत एचपीव्ही विषाणूची तपासणी, काहींत इतर तपासण्या, आणि एका भागात नेहमीचीच आरोग्यसेवा. २००९ मध्ये निकाल छापून आला: एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं पुढं गेलेले कॅन्सर आणि मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्या गटात ३४ बायका या कॅन्सरनं गेल्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. ज्यांची तपासणी झाली नाही त्या बायकांबद्दल पुढं प्रश्न विचारले गेले, आणि ते रास्त होते. पण आज जगात या तपासणीचा आग्रह धरला जातो, त्याच्या आधाराला आपल्या खेड्यांतल्या या बायका आहेत. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावांची कॅन्सर नोंदणीही १९८७ पासूनची, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी.

आणि तरी आमच्या गावातल्या बायका तपासणीचं नाव काढलं की "मला काय झालंय?" म्हणतात. काही झालेलं नसतानाच तपासायचं असतं. विषाणूनं बिघडलेल्या पेशी कॅन्सर व्हायच्या आधी सापडल्या तर छोट्या उपचारात काम होतं, शेक नाही, सिस्प्लॅटिन नाही. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकीनं आपल्या आरोग्य केंद्रात आशाताईंना विचारून तोंड, छाती आणि गर्भपिशवीचं तोंड तपासून घ्यावं. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना लस देता येते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही त्यातलीच.

१०. पैशाआधी कागद

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमो, शेक आणि ऑपरेशन बसतं. रेशनकार्ड, आधार, बायोप्सीचा रिपोर्ट, सगळ्याच्या झेरॉक्स एका पिशवीत ठेवा आणि दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा. शेत विकायच्या आधी भेटा. एसटी आणि रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला प्रवासात सवलत आहे, तिचाही दाखला तिथंच मागा.

आजार फार पुढं गेलेला असेल तर महाग तेच चांगलं, असंही नसतं. टाटा मेमोरियलमध्ये तोंडा-घशाचा कॅन्सर बरा होण्यापलीकडं गेलेल्या ४२२ पेशंटवर अभ्यास झाला. काहींना शिरेतून सिस्प्लॅटिन, काहींना मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिबच्या स्वस्त गोळ्या. २०२० मध्ये निकाल आला. गोळ्यांवरचे पेशंट थोडे जास्त जगले, साडेसात महिने विरुद्ध सहा महिने, आणि त्रासही कमी झाला. गुटखा-तंबाखूनं पोखरलेल्या आपल्या भागात हे प्रत्येक घरानं डॉक्टरांना विचारण्यासारखं आहे.

११. सोयाबीनच्या सुगीत केमो

उपचार सुटतो तो दवाखान्यात नाही, घरी सुटतो. मृगाची पेरणी, सोयाबीनची काढणी, मळणी, दिवाळी, पोरीचं लग्न. मजूर मिळत नाहीत, पाऊस डोक्यावर असतो, आणि पेशंटबरोबर जाणारा माणूसच शेतातला हातचा गडी असतो. मग "या खेपेला राहू द्या, रास झाल्यावर जाऊ" असं ठरतं. पेशंट स्वतःच म्हणते, "माझ्यापायी माल भिजू दिऊ नका." ती म्हणते म्हणून ऐकायचं नाही. आत्यांची एक तारीख अशीच ऐन काढणीत आली, तेव्हा भावकीतल्या चार घरांनी आमचं रान काढून दिलं आणि आम्ही सकाळच्या गाडीनं बार्शीला गेलो.

सावड आणि इर्जिक आपल्याला नवी नाही. आपल्या गावात, आपल्या गल्लीत कुणाच्या घरी केमो चालू असेल, तर सफरचंदं घेऊन भेटायला जाऊ नका. त्यांच्या केमोची तारीख विचारा, आणि त्या दिवशी त्यांच्या शेतात नाहीतर गोठ्यात कामाला उभे राहा.